पिवळ्या-काळ्या जर्सी आणि वेंगुर्ल्याची दमट हवा

जुनी फुटबॉल जर्सी हातात आली की बहुतेक लोक आधी छातीवरचे बोधचिन्ह आणि मग पाठीवरचा आकडा पाहतात. मी ती उलटी करतो. गळ्याच्या आतली पट्टी, बाजूच्या शिवणीत अडकवलेली धुलाईची चिठ्ठी, बोधचिन्ह भरतकामाचे असेल तर त्याच्या मागचा धाग्यांचा गुंता आणि आकडा चिकटवलेला असेल तर त्याच्या कडांना सुटलेला गोंद, एवढे पाहून झाल्यावरच पुढच्या बाजूची पाळी येते. पुढची बाजू खोटी करणे सोपे असते. आतल्या बाजूवर तेवढीच मेहनत घेण्याचा धीर नकली माल विकणाऱ्यांकडे सहसा नसतो. एईके अथेन्स या ग्रीक क्लबच्या जुन्या जर्सी मी बऱ्याच वर्षांपासून जमवतो आहे आणि वेंगुर्ल्यात राहून हा छंद करताना जे कळले, त्यातले थोडे येथे मांडतो.

हाच क्लब का, हे सांगायचे तर त्याच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते. एईकेची स्थापना १९२४ मध्ये अथेन्समध्ये झाली, पण ती करणारे लोक अथेन्सचे नव्हते. ते कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून आलेले निर्वासित होते. तुर्कस्तानाशी झालेले युद्ध ग्रीसने १९२२ मध्ये गमावले, त्यानंतर लोझान येथे झालेल्या करारानुसार दोन्ही देशांनी धर्माच्या आधारावर लोकसंख्येची अदलाबदल केली आणि सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये येऊन पडले. गंमत म्हणा किंवा दैवगती म्हणा, इस्तंबूलमध्ये १९१८ च्या आधीपासून राहणाऱ्या ग्रीकांना या अदलाबदलीतून कागदोपत्री सूट होती. तरीही भीतीपोटी त्यांच्यातल्या अनेकांनी शहर सोडले. त्या लोकांनी अथेन्समध्ये जो क्लब काढला, त्याच्या नावात आपले सुटलेले शहर घातले (एईकेमधला 'के' म्हणजे कॉन्स्टँटिनोपल), रंग तेच शहर राजधानी असलेल्या बायझंटाईन साम्राज्याचे म्हणून पिवळा आणि काळा घेतले, आणि चिन्ह म्हणून त्याच साम्राज्याचा दुमुखी गरुड. कोन्स्तान्दिनोस स्पानूदिस हे पत्रकार पहिले अध्यक्ष झाले. निर्वासितांसाठी वसवलेल्या नेआ फिलाडेल्फिया या वस्तीत मैदानाला जागा मिळाली आणि १९३० मध्ये तेथे खेळ सुरू झाला. ग्रीक चषकाची स्पर्धा पहिल्यांदा भरली ती १९३१-३२ च्या हंगामात, आणि ती याच निर्वासितांच्या क्लबने जिंकली. थेसालोनिकीचा पाओक हा क्लबही कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्यांचाच. त्याच्याकडेही दुमुखी गरुड आहे, पण रंग काळा-पांढरा. छायाचित्रावरून जर्सी ओळखताना नवख्यांचा घोटाळा होतो तो येथेच, विशेषतः छायाचित्र रंगीत नसेल तर.

आमच्या भागात दुमुखी पक्षी कोणाला नवीन वाटत नाही. कर्नाटक शासनाच्या मुद्रेवरचा गंडभेरुंड आंबोली घाट उतरून आलेल्या सरकारी कागदांवर, पाट्यांवर पाहिलेला असतो. त्यामुळे आईने पहिली जर्सी पाहिली तेव्हा तिला तो म्हैसूरच्या राजाचा पक्षी वाटला, आणि मी ग्रीस म्हटल्यावर तिने विचारले, "ह्येका थंयसर कोणी न्हेलो?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि विद्वानांपाशीही एकच एक उत्तर असेल असे वाटत नाही.

जर्सी जमवणाऱ्याच्या दृष्टीने हा गरुड म्हणजे कालगणनेचे सर्वांत सोयीचे साधन आहे. सुरुवातीची अनेक दशके त्याचे ठरलेले असे रूप नव्हते. जो कारागीर चिन्ह करी, त्याच्या हाताप्रमाणे पंख कधी उघडे, कधी मिटलेले, मान कधी लांब तर कधी आखूड. पुढे १९८२ मध्ये नव्या मालकांच्या मनात आले की क्लबने भूतकाळ मागे टाकून आधुनिक दिसावे, आणि त्यांनी दुमुखी गरुड काढून त्या जागी उडणारा एकमुखी गरुड आणला. समर्थकांना हा बदल कधीच रुचला नाही. १९८९ मध्ये क्लबची सूत्रे दुसऱ्यांकडे गेली तेव्हा दुसरे डोके परत आले, आणि १९९३ मध्ये गरुडाला पिवळ्या ढालीची चौकट मिळाली. म्हणजे एक डोके दिसले की जर्सी १९८२ ते १९८९ मधली, ढाल दिसली की १९९३ नंतरची, हे दोन नियम लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते.

एकमुखी गरुडाच्या जर्सींना ग्रीसमध्ये फारसे प्रेम मिळत नाही, हे माझ्या पथ्यावर पडले आहे. मला त्या संग्रहातल्या सर्वांत बोलक्या वस्तू वाटतात. ज्या लोकांचे सगळे मागे राहिले होते, त्यांच्या मुला-नातवंडांच्या छातीवरून आठवणीचे चिन्ह कोणा मालकाने सौंदर्यदृष्टीच्या नावाखाली अर्धे कापावे आणि ते कापडावर सात वर्षे टिकावे, ही घटना बोधचिन्हांच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा जर्सीतून अधिक स्पष्ट समजते. थोमास मावरोस हा ग्रीक लीगमध्ये २६० गोल करून सार्वकालिक यादीत पहिला असलेला खेळाडू. समर्थक त्याला 'देव' म्हणत. १९८५ मध्ये तो लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला तेव्हा त्याच्या छातीवर हाच नावडता गरुड होता. देवाला चालले ते भक्तांना चालत नाही, असे काहीसे झाले आहे.

मावरोसचे नाव निघाले म्हणून विक्रेत्यांच्या दाव्यांविषयी थोडे लिहितो. ठरलेल्या खेळाडूला ठरलेला क्रमांक आणि पाठीवर नाव, ही पद्धत युरोपातल्या लीगमध्ये रुळली ती नव्वदच्या दशकात. त्याआधी मैदानात उतरणाऱ्या ११ जणांना १ ते ११ आकडे वाटले जात आणि पुढच्या सामन्यात तोच आकडा दुसऱ्याच्या पाठीवर जाऊ शकत असे. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या ९ क्रमांकाच्या जर्सीला कोणी "मावरोसने घातलेली" म्हणत असेल, तर त्या एका आकड्यावर विश्वास ठेवू नये; सामन्याचे छायाचित्र, त्यात दिसणारा एखादा रफू, शिवणीचा वाकडेपणा किंवा आकड्याचा तिरपेपणा, असे काही जुळले तरच बोलावे. सामन्यात प्रत्यक्ष वापरलेली, खेळाडूंसाठी तयार झालेली पण न वापरलेली, आणि दुकानात चाहत्यांसाठी विकलेली, असे तीन प्रकार असतात आणि त्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मी तिसऱ्या प्रकारावर समाधानी आहे. पगार हे त्याचे एक कारण. दुसरे असे की दुकानात घेतलेली जर्सी कोणीतरी स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून, पावसात भिजून, घरी धुऊन वापरलेली असते, आणि या क्लबची गोष्ट मुळात पायऱ्यांवरच्या लोकांची आहे.

आता आतल्या चिठ्ठ्यांकडे वळू. नायकेच्या गेल्या काही दशकांतल्या जर्सींच्या शिवणीत एक लहानशी चिठ्ठी असते, तिच्यावर सहा आकडी शैलीक्रमांक आणि पुढे तीन आकडी रंगक्रमांक असतो. तो शोधून पाहिला की जर्सी कोणत्या क्लबची आणि कोणत्या रंगाची असायला हवी ते कळते. नकली मालावर हा क्रमांक पुष्कळदा भलत्याच क्लबच्या कपड्याचा निघतो. काप्पा या क्रीडावस्त्रे करणाऱ्या कंपनीच्या जर्सींवर पाठीला पाठ लावून बसलेल्या स्त्री-पुरुषांचे जे चिन्ह असते, ते बाह्यांवरच्या पट्टीत किती स्पष्ट विणले आहे यावरून बरेच ठरते. अस्सल पट्टीत दोन्ही आकृत्यांची डोकी वेगळी दिसतात, नकली पट्टीत त्यांचा गोळा होतो. नव्वदच्या दशकातल्या काप्पाच्या एका जर्सीवर दुमुखी गरुड छातीभर पसरलेला आहे, पंख पार बगलांपर्यंत गेलेले. संग्राहकांमध्ये तिला मोठी मागणी आहे आणि म्हणूनच तिच्या नकलाही उदंड झाल्या आहेत. मला स्वतःला ती थोडी भडक वाटते, पण पिवळ्यावर काळा रंग इतका जोरकसपणे दुसऱ्या कोणत्याही जर्सीवर उठलेला नाही, हे मान्य करावे लागते.

कोकणात या वस्तू येतात कशा, असे लोक विचारतात. त्याचे उत्तर आमच्या किनाऱ्याच्या जुन्या व्यवसायात आहे. जगातल्या व्यापारी जहाजांचा मोठा ताफा ग्रीक मालकांचा आहे आणि त्या जहाजांवर काम करणारी मुले आमच्या तालुक्यांतून पूर्वापार जात आली आहेत. माझा एक मावसभाऊ जहाजावर आहे. अडचण एवढीच की ग्रीसमध्ये जहाज लागते ते पिरेयसला, आणि पिरेयस म्हणजे ऑलिंपियाकोस या दुसऱ्या क्लबचे गाव; तेथे सगळीकडे लाल-पांढरे पट्टे. सुरुवातीला तो बिचारा मोठ्या प्रेमाने लाल-पांढरी जर्सी घेऊन आला होता. मी ती ठेवली, कारण आणलेली वस्तू परत करू नये. नंतर त्याला मार्ग समजावून दिला: पिरेयसहून किफिसियाकडे जाणारी विद्युत रेल्वे पकडायची, वाटेत मोनास्तिराकीला उतरून जुन्या बाजारात चक्कर मारायची, तेथे रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, आणि वेळ असेल तर त्याच रेल्वेने पुढे पेरिसोसपर्यंत जायचे, तेथून नेआ फिलाडेल्फिया जवळच आहे. वेळ मात्र क्वचितच असतो. हल्ली कंटेनरची जहाजे काही तासांत रिकामी होऊन निघतात, आणि खलाशाला बंदराच्या फाटकाबाहेर पडायला मिळाले तरी नशीब. बाकीच्या जर्सी टपालाने येतात, त्यांच्यावर सीमाशुल्क बसते, आणि मूळ किमतीपेक्षा वाहतूक व कर मिळून अधिक खर्च झाला की घरात त्या दिवशी तो विषय काढायचा नसतो.

खरी लढाई मात्र जर्सी घरात आल्यावर सुरू होते, आणि ती आमच्या हवेशी असते. ग्रीसमध्ये उन्हाळा कोरडा असतो. तिकडे तीस-चाळीस वर्षे कपाटात सुखाने राहिलेले कापड वेंगुर्ल्यात एका पावसाळ्यात बुरा धरते. लोकांचा असा समज असतो की पॉलिएस्टरला काही होत नाही. धाग्याला होत नाही हे खरे, पण त्या धाग्यावर बसलेला घाम, धूळ आणि साबणाचा अंश यांच्यावर बुरा येतो आणि पिवळ्या रंगावर त्याचे काळे ठिपके पडतात, जे नंतर सहसा जात नाहीत. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते आणि मीठ पाणी धरून ठेवते. म्हणून किनाऱ्यालगत उघड्या खिडकीजवळ टांगलेला कपडा हाताला कधी पुरता कोरडा लागत नाही. लोखंडी हँगर वापरला तर खांद्यावर गंजाचे डाग ठरलेलेच. जुन्या जर्सींची कॉलर पुष्कळदा सुती असते, आणि तिच्यात खळीचा अंश राहिला असेल तर कसर नेमकी तेथेच लागते.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे आकडे आणि प्रायोजकांची नावे. मखमलीसारखा स्पर्श असलेली जुनी छपाई कोरडी पडून सोलवटते. तिचे हे सोलवटणे डोळ्यांना दिसते तरी. पुढच्या काळात उष्णतेने चिकटवलेले जे आकडे आले, त्यांतल्या पॉलियुरेथेनची ओलसर गरम हवेत रासायनिक मोडतोड होते. आधी आकडा हाताला चिकट लागतो, मग त्याला भेगा पडतात आणि शेवटी तो तुकड्या-तुकड्यांनी सुटतो. यावर उपाय नाही, वेग कमी करणे एवढेच हातात असते. अशा आकड्यावर मी बेकरीत वापरतात तसला न चिकटणारा कागद ठेवतो आणि जर्सीची घडी न घालता आईच्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्याबरोबर तिची सैल गुंडाळी करतो, म्हणजे छपाईवर घडीची रेघ पडत नाही. डांबराच्या गोळ्या कटाक्षाने टाळतो; त्यांची वाफ काही प्लास्टिकला मऊ करते आणि वास तर कापडातून वर्षभर जात नाही. धुवायची वेळ आलीच तर थंड पाणी, अगदी सौम्य साबण, पिळायचे नाही, आणि उलटी करून पडवीत सावलीत आडवी पसरायची. ऊन दाखवले तर बुरा मरेल, पण पिवळा रंगही त्याच्यासोबत जाईल.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आमच्याकडे पावसाळ्याची तरतूद म्हणजे आगोट, आणि ती मे महिन्यात होते. तिखट, मसाले, सुकी मासळी, सोले, सगळे त्याच सुमाराला भरले जाते. जर्सी त्या वेळी भरू नयेत. वैशाखातली हवा कडक उन्हामुळे कोरडी वाटते, पण किनाऱ्यावर ती ओलाव्याने जड झालेली असते, आणि हवाबंद पिशवीत आपण तोच ओलावा कोंडतो. किनाऱ्यावर खऱ्या अर्थाने कोरडे दिवस असतात ते पौष-माघातले, म्हणजे साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत दुपारी जर्सी पसरून हवा द्यायची, त्याच दुपारी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करायच्या, आणि दसरा उलटेपर्यंत कोणी कितीही कौतुकाने मागितल्या तरी उघडायच्या नाहीत. सिलिकाचे निळे खडे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले असे समजावे. स्वयंपाकात न वापरणाऱ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात. फणसाच्या लाकडाची पेटी दिसायला सुंदर असते, पण मी स्टीलचे डबे पसंत करतो.

माझ्या संग्रहात विजेतेपदाच्या वर्षांपेक्षा पडत्या वर्षांच्या जर्सी अधिक आहेत, आणि हे ठरवून झाले आहे. विजयाच्या जर्सी सगळेच जपतात. प्रशिक्षक दुशान बायेविच याच्या हाताखाली क्लबने १९८९ ची लीग जिंकली आणि मग १९९२, १९९३ व १९९४ अशी सलग तीन वर्षे. त्या काळातल्या जर्सींना ग्रीसमध्येच इतके गिऱ्हाईक आहे की त्या परदेशी जाईपर्यंत त्यांच्या किमती माझ्या आवाक्याबाहेर गेलेल्या असतात. १९७६-७७ च्या हंगामात एईके युएफा चषक या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सकडून ३-० ने हरून अथेन्समध्ये ३-० ने परतफेड केली, पेनल्टींवर पुढे गेला आणि मग युव्हेंटसने त्याला अडवले. मिमिस पापायोआनू आणि मावरोस एकत्र खेळले ते त्या संघात. त्या जर्सी छायाचित्रांत पाहण्यात मला आनंद आहे.

पडत्या वर्षांची गोष्ट वेगळी. १९९९ च्या भूकंपात नेआ फिलाडेल्फियाचे स्टेडियम खिळखिळे झाले, २००३ मध्ये ते पाडले गेले, आणि नवे उभे राहून उघडले ते थेट २०२२ मध्ये. मधली १९ वर्षे निर्वासितांचा हा क्लब पुन्हा बेघर होता. बहुतेक काळ ऑलिंपिक स्टेडियममध्ये, अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळत होता. मुंबईत चाळीस वर्षे काढूनही चाकरमानी जसा पत्ता विचारल्यावर आधी गावाचे नाव सांगतो, तसे त्याचे समर्थक त्या काळातही नेआ फिलाडेल्फियाचेच नाव घेत. २०१३ मध्ये तर क्लब इतिहासात प्रथमच पहिल्या श्रेणीतून खाली गेला आणि कर्जाच्या ओझ्यातून सुटण्यासाठी त्याने दुसरी श्रेणीही सोडून थेट तिसऱ्या श्रेणीत खेळणे पत्करले. दोन वर्षांत तो पहिल्या श्रेणीत परतला, २०१८ मध्ये लीग जिंकली, आणि नव्या घरातल्या पहिल्याच हंगामात, २०२३ मध्ये, लीग आणि चषक दोन्ही जिंकले. मला मात्र तिसऱ्या श्रेणीतल्या हंगामाची जर्सी अधिक मोलाची वाटते. खेड्यांतल्या, उपनगरांतल्या छोट्या मैदानांवर ज्या लोकांनी ती घालून सामने पाहिले, त्यांनी ती फॅशन म्हणून नक्कीच घेतली नव्हती.

सध्या मी २००२-०३ च्या जर्सीच्या शोधात आहे. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या गटात एईकेसमोर रेआल माद्रिद, रोमा आणि बेल्जियमचा गेंक असे संघ होते, आणि एईकेने सहाच्या सहा सामने बरोबरीत सोडवले. आदल्या वर्षीच्या युरोपविजेत्या माद्रिदविरुद्ध अथेन्समध्ये ३-३ आणि माद्रिदमध्ये २-२. एकही सामना न हरता, एकही न जिंकता संघ तिसरा आला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. विजेत्यांच्या यादीत ज्याला जागा नाही आणि पराभूतांच्या यादीतही नाही, असा हंगाम संग्रहात असलाच पाहिजे, असे माझे मत आहे. पाठीवर नाव नसलेली, धुलाईची चिठ्ठी शाबूत असलेली जर्सी मिळाली तर मापाची अट सोडायला मी तयार आहे. मावसभावाला निरोप देऊन ठेवला आहे. त्याचे जहाज पिरेयसला कधी लागायचे ते कंपनी ठरवते, फक्त त्याने ती आणावी तेव्हा आमच्याकडचा पाऊस सरलेला असावा.